मदत हवी आहे: ओळी बरोबर, पण बेरजेत शून्य

चाकणवासी: आमच्या वितरकांच्या अहवालात प्रत्येक ओळीतील तूट बरोबर दिसते, परंतु शेवटच्या बेरजेच्या ओळीत शून्य येते. डेटा दोनदा रिफ्रेश करून पाहिला. उद्या साडेदहाला बैठक आहे, कृपया लवकर सांगावे.

हडपसरकर: सॉफ्टवेअर कोणते आणि सूत्र काय?

चाकणवासी: पॉवर बीआय, दुसरे काय असणार! विक्री उद्दिष्टापेक्षा कमी असेल तर फरक, नाहीतर शून्य, असे साधे मेजर (अहवालाच्या प्रत्येक ओळीसाठी मोजले जाणारे सूत्र) आहे. तीन वितरक, उद्दिष्ट प्रत्येकी १०० नग, विक्री १४०, ९० आणि ८०. तूट ०, १०, २० दिसते. बेरीज ३० हवी.

जुना हिशेबनीस: एक्सेलच्या पिव्होटमध्ये (सारांश तक्त्यात) करावे, हा त्रासच होत नाही.

हडपसरकर: होतो. पिव्होटमधील कॅल्क्युलेटेड फील्डसुद्धा आधी स्तंभांची बेरीज करते आणि मग सूत्र लावते, त्यामुळे तिथेही शून्यच येईल. पॉवर बीआयमध्येच कॅल्क्युलेटेड कॉलम (मूळ डेटाच्या प्रत्येक ओळीला मोजून ठेवलेला स्तंभ) करावा, म्हणजे प्रश्न मिटला.

कोथरूडकरीण: मिटणार नाही. उद्दिष्ट वितरकाला असते, बिलाच्या एकेका ओळीला नसते. मग कॉलममध्ये तूट कशातून काढणार? मूळ गोष्ट अशी की, बेरजेची ओळ वरचे आकडे मिळवत नाही, तर तेच मेजर तिथे नव्याने मोजले जाते, आणि त्या ओळीवर वितरकाचा फिल्टर नसल्यामुळे उद्दिष्ट ३००, विक्री ३१०, म्हणून तूट शून्य. समएक्स वापरावे, ते एकेका नोंदीसाठी मोजून मग बेरीज करते: पहिल्या जागी व्हॅल्यूजमध्ये (वेगवेगळ्या नोंदींची यादी देणारे फंक्शन) वितरकाचा स्तंभ, दुसऱ्या जागी तुमचे आताचे मेजर.

जुना हिशेबनीस: जीएसटी जवळच्या पूर्ण रुपयात धरण्याची तरतूद कलम १७० मध्ये आहे, तेही तपासावे.

चाकणवासी: आमचे आकडे नगांचे आहेत, रुपयांचे नाहीत. ताई, ३० आले, आभारी आहे! मात्र तिमाही निवडल्यावर महिन्यांच्या तुटींची बेरीज पुन्हा जुळत नाही.

कोथरूडकरीण: महिन्याचा उल्लेख आधीच करायला हवा होता. समराइझ या फंक्शनने वितरक आणि महिना यांच्या जोड्या काढून समएक्स त्यांवर चालवावे. मात्र एप्रिलची तूट मे महिन्यातील जादा विक्रीने भरून निघते असे तुमची कंपनी मानत असेल, तर आताचाच आकडा बरोबर आहे. वरिष्ठ काय मानतात?

चाकणवासी: ते विचारायचे राहूनच गेले आहे.