टॉर्च लावल्यावर हात लाल होतो, पण हाडं का दिसत नाहीत?

घाटमाथा: लाइट गेल्यावर मुलीने मोबाइलचा टॉर्च तळहाताला खालून टेकवला. पंजा लालबुंद. तिचं म्हणणं, एवढा उजेड आरपार येतोय तर हाडं का दिसत नाहीत? मी 'रक्त लाल असतं ना' म्हणून वेळ मारून नेली. तिला ते पटलं नाही.

भिंगवाला: पोरगी हुशार आहे. रक्ताने फक्त रंग कळतो: हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश खातं, लाल बराचसा सोडतं. हाड लपतं ते स्कॅटरिंगमुळे, म्हणजे प्रकाश आत विखुरल्यामुळे. मांसात पाणी, चरबी, प्रथिनांचे धागे, सगळ्यांचे अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) जरा जरा वेगळे. प्रकाश साधारण दर ०.१ मिमीला कशावर तरी आपटतो. दर वेळी थोडाच वळतो, त्यामुळे मूळ दिशा पार विसरायला १ मिमीच्या आसपास लागतो. आणि तळहात दोनेक सेंटिमीटर! एवढं पार करायला तो ढोबळमानाने वीसेक सेंटिमीटर भटकतो. हाडातून आलेला आणि हाड चुकवून आलेला उजेड वर येईपर्यंत एकमेकांत मिसळलेला असतो. क्ष-किरण असे फारसे भरकटत नाहीत, म्हणून एक्स-रे निघतो.

खादाड_पुणेकर: भज्यांच्या कागदाचं पण हेच का? तेल लागलं की खालची अक्षरं दिसतात.

भिंगवाला: हेच! धाग्यांमधल्या हवेची जागा तेल घेतं आणि त्याचा अपवर्तनांक धाग्यांच्या जवळ जातो. २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने टार्ट्राझिन, म्हणजे खाण्यातला पिवळा रंग, उंदरांच्या कातडीला चोळला आणि आतले अवयव दिसले. हा रंग निळा प्रकाश जोरात शोषतो आणि त्यामुळेच लाल प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढवून चरबी-प्रथिनांच्या जवळ नेतो. धुतला की कातडी पूर्ववत. घरी प्रयोग नकोत, आपली कातडी उंदरापेक्षा बरीच जाड आहे.

घाटमाथा: मग मिसळलेल्या उजेडातलं हाड कायमचं गेलं?

भिंगवाला: गेलं नाही, विस्कटलं. २००७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठात वेलेकूप आणि मॉस्क यांनी लेझरची लहर आधीच हवी तशी वाकडी करून पांढऱ्या रंगाच्या थरातून पाठवली. पलीकडे ठिपका जुळून आला, आजूबाजूच्या उजेडाच्या हजारपट तेजस्वी. मला स्वतःला हा प्रयोग भलताच आवडतो. पण सुकलेला रंग जागचा हलत नाही. हातात रक्त वाहतं, आणि लेझरची जुळणी काही मिलिसेकंदांत बिघडते.