मदत हवी आहे: ह्यांची शेतातली वही आणि आवाज जपायचा आहे
नमस्कार. माझे यजमान शेतकरी होते. ३८व्या वर्षीच गेले. मुलगी तेव्हा चार वर्षांची, तिला बाबांचा आवाजही नीट आठवत नाही.

त्यांची खिशात मावणारी एक वही आहे. पेरणी कधी, पाऊस किती, गाय कधी व्याली, सगळं त्यात. एका पानावर चिखलाचा अंगठा उमटलाय आणि त्याखाली 'आज पोरगी चालली'. शिसपेन्सिलीचं अक्षर घासून पुसट होतंय. लॅमिनेशन करायचं नाही, ते नंतर काढता येत नाही. ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, इतक्या बारकाईने) स्कॅन केलं तर तो ठसा नीट येईल का?

आणि त्यांचे व्हॉइस मेसेज चॅटमधून बाहेर काढून कुठे ठेवू? फोन मधेच बंद पडतोय, म्हणून जीव घाबरतो. कुणी केलं असेल तर कृपया सांगा.