एकाच बिटरेटवर व्याख्यान स्वच्छ, पण मारबतीची मिरवणूक फुटलेली: हिशेब कसा मांडावा?

महालकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागातील आमच्या वाचनालयात होणारी व्याख्याने आणि परिसरातले उत्सव यांचे चित्रीकरण आम्ही यूट्यूबवर ठेवतो. मोबाइलवर १०८० पी, ३० फ्रेम असे चित्रीकरण केले की दीड तासाच्या व्याख्यानाची मूळ फाईल सुमारे साडेअकरा जीबीची होते आणि आमच्याकडे अपलोडचा वेग १० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) असल्याने ती चढवायला अडीच तासांहून अधिक वेळ लागतो. म्हणून प्रत्येक व्हिडिओ १०८० पी कायम ठेवून २ एमबीपीएसवर एक्स्पोर्ट करण्याची पद्धत आम्ही ठरवली आहे. व्याख्यान त्यात नीट दिसते. परंतु पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबत आणि बडग्या या पुतळ्यांच्या मिरवणुकीचे २० मिनिटांचे चित्रीकरण त्याच मापाने एक्स्पोर्ट केले असता पिवळ्या मारबतीभोवतीच्या गर्दीचे चौकोनी तुकडे दिसू लागले आणि बडग्यांवरचे फलक वाचता येईनात. रिझोल्यूशन तेच, बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे बिट) तोच, मग हा फरक का पडतो? अशा वेळी ७२० पी वर यावे की बिटरेट वाढवावा, आणि फाईलचा आकार आटोक्यात कसा ठेवावा?

सीताबर्डीकर

फाईलचा आकार रिझोल्यूशनवर ठरत नाही, तो केवळ बिटरेट आणि कालावधी यांवर ठरतो. एमबीपीएसमधला बिटरेट सेकंदांनी गुणून ८ ने भागला (एका बाइटमध्ये ८ बिट असतात) की आकार एमबीमध्ये मिळतो. २ एमबीपीएसने ५,४०० सेकंदांचे व्याख्यान १,३५० एमबीचे होते, आणि त्यात आवाजाची थोडी भर पडते. हे चित्रीकरण १०८० पी मध्ये असो वा ७२० पी मध्ये, आकडा बदलत नाही. बदलते ते एवढेच, की तेवढे बिट किती पिक्सेलांमध्ये वाटले जातात.

आता फरकाचे कारण पाहू. एन्कोडर, म्हणजे व्हिडिओ आकुंचित करणारा प्रोग्रॅम, प्रत्येक फ्रेम नव्याने साठवत नाही. आधीच्या फ्रेममधला जो भाग जसाच्या तसा आहे किंवा थोडासा सरकला आहे, त्याचा तो फक्त संदर्भ ठेवतो आणि उरलेल्या फरकावर बिट खर्च करतो. व्याख्यानात कॅमेरा ट्रायपॉडवर असतो, मागची भिंत हलत नाही, वक्त्याचे हात आणि चेहरा तेवढे हलतात. मिरवणुकीत मात्र कॅमेरा हातात असतो, शेकडो माणसे वेगवेगळ्या दिशांना हलत असतात, आणि पावसाची सर आली तर प्रत्येक थेंब हा नवा तपशील ठरतो. आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखे फारसे काही उरतच नाही. २ एमबीपीएस आणि ३० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला सरासरी ८ किलोबाइट येतात, आणि तेवढ्यात २० लाखांहून अधिक पिक्सेल मांडायचे असतात. बिट कमी पडले की एन्कोडर बारकावे गाळतो. आपल्याला दिसणारे चौकोन तिथूनच येतात.

यूट्यूबचा विचारही इथे करायला हवा. आपण चढवलेली फाईल तिथे पुन्हा एन्कोड होते, त्यामुळे आपण आधीच गाळलेला तपशील परत येत नाही, उलट चौकोनांच्या कडाच तपशील समजून जपल्या जातात. १०८० पी, ३० फ्रेमसाठी यूट्यूबची शिफारस ८ एमबीपीएस आहे, ६० फ्रेमसाठी १२, आणि ७२० पी, ३० फ्रेमसाठी ५.

माझ्या मते मिरवणुकीच्या बाबतीत काटकसर करण्याचे कारणच नाही. २० मिनिटे ८ एमबीपीएसने १,२०० एमबी होतात, म्हणजे आपल्या २ एमबीपीएसच्या व्याख्यानापेक्षाही कमी, आणि १० एमबीपीएसच्या जोडणीवर ती फाईल साधारण १६ मिनिटांत चढते. आपले मूळ चित्रीकरण सुमारे १७ एमबीपीएसचे दिसते. त्याची २० मिनिटे म्हणजे अडीच जीबीच्या आसपास, म्हणून संपादन करायचे नसेल तर मूळ फाईलच चढवावी.

नेहमीच्या कामासाठी ठरावीक बिटरेट सोडून ठरावीक दर्जाची पद्धत स्वीकारावी. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ (व्हिडिओ आकुंचित करण्याची प्रचलित पद्धत) निवडून आर.एफ. (दर्जा ठरवणारा आकडा) २० ठेवले की एन्कोडर दृश्याच्या गरजेनुसार बिट घेतो, त्यामुळे व्याख्यानाची फाईल लहान राहते आणि मिरवणुकीची मोठी होते. आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला, आणि तो ६ ने वाढवला की बिटरेट अंदाजे निम्मा होतो.

धंतोलीकर

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, मात्र ७२० पी चा पर्याय इतक्या सहज बाजूला सारू नये असे मला वाटते. बिटरेट खरोखरच वाढवता येत नसेल, तर फुटलेल्या १०८० पी पेक्षा स्वच्छ ७२० पी केव्हाही बरे दिसते, कारण पिक्सेल निम्म्याहून कमी होतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला दुपटीहून अधिक बिट येतात. याला अपवाद पडद्यावर स्लाइड दाखवणाऱ्या व्याख्यानाचा. देवनागरीतले अनुस्वार, रफार आणि उकार रिझोल्यूशन उतरवले की सर्वांत आधी पुसट होतात, म्हणून तिथे १०८० पीच ठेवावे. स्थिर स्लाइडला बिटही फारसे लागत नाहीत.

सभागृहातल्या प्रकाशाकडेही लक्ष द्यावे. उजेड कमी पडला की मोबाइल संवेदनशीलता वाढवतो, चित्रात दाणे येतात, आणि हे दाणे प्रत्येक फ्रेममध्ये वेगळे असल्याने एन्कोडर त्यांनाही हालचाल समजून बिट खर्च करतो. वक्त्यावर एक जादा दिवा लावला तर त्याच आर.एफ. आकड्यावर फाईल लहान होते. ते शक्य नसल्यास हँडब्रेकमधला दाणे कमी करणारा फिल्टर अगदी सौम्य प्रमाणात वापरावा. जास्त वापरल्यास चेहरे मेणासारखे दिसू लागतात.

महालकर

दोघांचेही मनापासून आभार. मिरवणुकीची मूळ फाईल आज चढवतो. एक उपप्रश्न आहे. काही ज्येष्ठ सभासदांना व्याख्यानातला पाच मिनिटांचा भाग व्हॉट्सॲपवर पाठवायचा आहे आणि त्यांच्या जुन्या फोनचा विचार करून तो १६ एमबीच्या आत बसवायचा आहे. तिथेही आर.एफ.च वापरावा का?

सीताबर्डीकर

नाही. आकार आधी ठरलेला असेल तेव्हा बिटरेटच ठरवावा लागतो आणि एन्कोडरला दोन फेऱ्या करू द्याव्या लागतात. पहिल्या फेरीत तो कठीण दृश्ये कुठे आहेत ते पाहतो आणि दुसऱ्या फेरीत त्यानुसार बिट वाटतो. १६ एमबी म्हणजे १२८ मेगाबिट. ३०० सेकंदांनी भागल्यावर सुमारे ४२५ केबीपीएस (किलोबिट प्रति सेकंद) मिळतात. त्यातून आवाजासाठी ६४ बाजूला ठेवा, थोडी जागा मोकळी सोडा आणि चित्रासाठी ३४० धरा. इतक्या कमी बिटरेटवर ४८० पी च्या वर जाऊ नये. बसून बोलणाऱ्या वक्त्यासाठी एवढे पुरते, पण मिरवणुकीचा अंश या मापात बसवायचा झाल्यास पाच मिनिटांऐवजी एकच मिनिट निवडावे. त्यामुळे बिटरेट पाचपट मिळेल.