मदत हवी आहे: पाण्यावर उतरणारं जुनं सेसना विमान घ्यावं का?

नमस्कार मंडळी. मी सिएटलजवळ राहतो, सीप्लेनचं रेटिंग (पाण्यावर उतरणारं विमान चालवायची परवानगी) आहे. मित्राबरोबर अर्ध्या भागीत जुनं सेसना 185 घ्यायचं चाललंय. अ‍ॅम्फिबियन फ्लोट आहेत (विमानाला तरंगवणारे खालचे पोकळ डबे, त्यांतच चाकं), म्हणजे चाकं बाहेर असली की धावपट्टीवर उतरायचं, आत घेतली की पाण्यावर.

घोडं अडलंय ते विम्यावर. हप्ता ऐकून डोळे पांढरे झाले (बायकोला अजून आकडा सांगितलेला नाही). पण विमावाल्यांचंही चुकत नाही. चाकं बाहेर ठेवून पाण्यावर टेकलं की विमान कोलांटी खातं, आणि आपण पाण्याखाली पट्ट्यात उलटे लटकलेले. चाकांची आठवण करून देणारी बोलकी यंत्रणा कुणी बसवली आहे का? तिचा हप्त्यावर काही फरक पडतो का? उलट्या केबिनमधून बाहेर पडण्याचं प्रशिक्षण इकडे कुठलं चांगलं?

दुसरी भानगड गंजाची. विमान बरीच वर्षं खाऱ्या पाण्यात होतं. मालक म्हणतो, दरवेळी गोड्या पाण्याने धुतो. पण फ्लोटच्या रिव्हेटांभोवती रंग फुगलाय, नखाने खरवडलं तर पांढरी भुकटी निघते. फ्लोटच्या मागच्या एका कप्प्यातून हातपंपाने पाणी उपसलं तर संपता संपेना! नुसते रिव्हेट आणि सीलंट बदलून भागतं, की पत्रेच बदलावे लागतात? खरेदीआधीच्या तपासणीत मेकॅनिककडून नेमकं काय काय उघडून घ्यावं?

'घेऊ नकोस' हा सल्ला घरून भरपूर मिळालाय. ज्यांनी असं विमान स्वतः सांभाळलंय त्यांनी सांगा.