काका अंतर्मुख निघाले म्हणून काट्यावर बसवले, चुकलं का?

धुऱ्यावरचा (धागा सुरू करणारा)

आमचा शेतकरी गट दारव्हा तालुक्यातला. 18 जण, त्यात 7 बाया. बियाणं-खत एकत्र आणायचं, कापूस अन् तूर एकत्र विकायची, एवढाच व्यवहार. दिवाळीत नागपूरहून एक प्रशिक्षक आले. समाजमंदिरात दोन दिवस सतरंजी टाकून बसलो. त्यांनी प्रत्येकाला हो-नाहीचे प्रश्न असलेला कागद दिला. अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का, काम आधी आखता की वेळेवर पाहता, निर्णय घेताना हिशेब पाहता की समोरच्याचं मन, अशी सगळी प्रश्नावली. त्यावरून प्रत्येकाची चार अक्षरं निघाली. एकूण 16 प्रकारची माणसं असतात म्हणे.

आमच्यात एक काका आहेत. बैठकीत सतरंजीच्या कोपऱ्यावर बसायचे अन् चहा आला की उठायचे. ते अंतर्मुख, बारकाईनं पाहणारे, आखून काम करणारे निघाले. तोवर माल तोलायच्या काट्यावर जो बसायचा तो बोलका गडी. ट्रॅक्टर त्याचा, म्हणून काटाही त्याचा, बाकी काही कारण नव्हतं. प्रशिक्षक म्हणाले, अदलाबदल करून पहा. केली.

आता काका गाडी भरायच्या आधी प्रत्येकाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घालतात. सरकी दाताखाली दाबतात अन् सांगतात, हा कापूस दोन दिवस उन्हात टाका. सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर ओलावा 12 टक्क्यांच्या वर गेला की माल घेत नाहीत अन् 8 च्या वर गेला की भाव कापतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मागच्या हंगामात आमच्या दोन गाड्या परत आल्या होत्या. यंदा एकही नाही. अन् तो बोलका गडी व्यापाऱ्यांशी तुरीचा भाव पाडून नाही, चढवून येतो.

आता नवी कार्यकारिणी करायची आहे. माझं म्हणणं, अध्यक्ष, सचिव, खरेदी, बँक, सगळी कामं त्या कागदावरूनच वाटावीत. भांडणं तरी होणार नाहीत. तुमचं काय मत?

डीएड_बेरोजगार

भाऊ, काकांना काटा दिला हे उत्तम. कागदाला श्रेय दिलं हे चूक.

ही चाचणी कुठून आली ते सांगतो. स्वित्झर्लंडचे कार्ल युंग यांनी 1921 मध्ये अंतर्मुख-बहिर्मुख वगैरे कल्पना मांडल्या. त्यावरून अमेरिकेतल्या कॅथरिन ब्रिग्ज अन् त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही प्रश्नावली रचली. दोघींपैकी एकीनंही मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलं नव्हतं. मुलगी आधी रहस्यकथा लिहायची. तेवढ्यावरून कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण अडचण पुढं आहे. तुमच्या ओलाव्याच्या मीटरसारखंच पहा. 11.9 आला तर पास, 12.1 आला तर परत. कापसात फरक किती? काहीच नाही. माणसांचंही तसंच. बहुतेक माणसं मधातच असतात, थोडी बोलकी, थोडी गप्प. त्यांच्या मधून रेघ मारली की एक इकडं पडतो, एक तिकडं. म्हणून काही आठवड्यांनी तोच कागद परत भरून घेतला तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं.

अन् 'अगदी माझंच वर्णन लिहिलंय' असं वाटतं ना, त्याचीही गंमत आहे. 1948 मध्ये बर्ट्राम फोरर नावाच्या प्राध्यापकानं 39 विद्यार्थ्यांची चाचणी घेतली अन् प्रत्येकाला त्याचं म्हणून स्वभाववर्णन दिलं. किती जुळतं याला 5 पैकी गुण द्या म्हटलं. सरासरी 4.26 आली. कागद सगळ्यांना एकच दिला होता, अन् त्यातली बहुतेक वाक्यं स्टॉलवरच्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती.

वावरातला_म्हातारा (नातू टाइप करते)

येवढं अमेरिकेले कायले जाता बाप्पा. बैल घेतानी आपन काय पाह्यतो? दात पाह्यतो, चाल पाह्यतो, उजवीकडं जुपायची सवय हाय का डावीकडं ते इचारतो. उजव्या सवयीचा डावीकडं जुपला तर तासच वाकडं जाते. मानसाचंबी तसंच हाय. कागद नोको, दोन दिवस डवऱ्यावर धाडा, समजते.

सचिव_सहा_वर्षं

आजोबा, राग नका मानू, पण बैलाला सासरा नसतो.

धुऱ्यावरचे भाऊ, तुमच्या 7 बायांचा पोस्टमध्ये एकदाच उल्लेख आला, तोही मोजणीत. त्यांची कोणती अक्षरं निघाली? मीच सांगते. बहुतेक सगळ्या 'अंतर्मुख, मन सांभाळणाऱ्या' निघाल्या असतील. ज्या समाजमंदिरात चुलतसासरे, भासरे अन् नवरा सतरंजीवर बसलेत, तिथं पदर सावरून बसलेली बाई 'अनोळखी माणसाशी बोलायला आवडतं का' याला हो लिहील? तीच बाई कापूस वेचायला गेली की आख्ख्या फडाला हसवते अन् वेचाईचा भाव मालकाकडून किलोमागं वाढवून घेते. तो कागद बाईचा स्वभाव मोजत नव्हता हो, त्या खोलीत कोण कोण बसलंय ते मोजत होता.

माझंच सांगते. बचत गट झाला तेव्हा माझं अक्षर चांगलं म्हणून मला सचिव केलं. बैठकीची नोंद, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, सगळं रजिस्टर माझ्याकडं. सहा वर्षं. बँकेत मात्र अध्यक्षबाई जायच्या, कारण 'त्यांना बोलता येतं'. मला बोलता येत नाही हे कोणी ठरवलं, केव्हा ठरवलं, आजही माहीत नाही. मग एकदा त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या अन् कर्जाची फाईल अडली. गेले. व्यवस्थापकानं दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा मी रजिस्टर टेबलावर उघडून ठेवलं अन् उभीच राहिले. कर्ज झालं. घरी आले तर हात थरथरत होते, ते खरं आहे. पण पुढच्या वेळी नाही थरथरले.

म्हणून म्हणते, काम स्वभाव पाहून देऊ नका. काम फिरतं ठेवा.

धुऱ्यावरचा

ताई, बायांची अक्षरं खरंच तशीच निघाली, सातपैकी सहा. हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

पण फिरतं ठेवायचं म्हणजे काकांना काट्यावरून उठवायचं अन् पुन्हा गाड्या परत आणायच्या का? कापूस काय आमच्या शिकण्यासाठी थांबणार आहे? ऐन हंगामात ज्याला जमतं त्यालाच ठेवावं लागतं. अन् डीएड भाऊ, चाचणी अशास्त्रीय असेल, पण ती नसती तर काका आजही कोपऱ्यावरच असते. चार वर्षं आम्ही सगळे त्यांच्या बाजूला बसून चहा पीत होतो, एकालाही दिसले नाहीत. कागदानं निदान त्यांच्याकडं पाहायला तर लावलं!

वर्ध्याचा

'ज्याचा जसा स्वभाव तसं त्याला काम' हे वाक्य आपल्या गावांनी फार शतकं ऐकलं आहे. गुण पाहून कर्म, अशीच त्याची मांडणी होती. प्रत्यक्षात कोणी गुण पाहिले? आडनाव पाहिलं अन् काम दिलं, त्याच्या पोरालाही तेच दिलं, अन् तुझा स्वभावच तसा असं वर समजावलं. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लाखो माणसं काय फक्त देव बदलायला जमली होती का? म्हणून कोणी माणसाचे प्रकार पाडायला लागलं की माझे कान टवकारतात. मग ते 4 असोत नाहीतर 16.

धुऱ्यावरचा

हे जरा लांब नेलं भाऊ. इथं ज्यानं त्यानं स्वतः उत्तरं लिहिली. जन्मावरून काही ठरलं नाही.

वर्ध्याचा

उत्तर स्वतः लिहिलं, शिक्का दुसऱ्यानं मारला. पाच वर्षांनी काकांनी बँकेचं काम मागितलं तर तुमच्यातलाच कोणी म्हणेल, 'काका, तुम्ही तर अंतर्मुख.' लिहून ठेवा.

आपल्याच मातीतलं उदाहरण घ्या. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. दिवसा न बोलता झाडूनं गाव झाडायचे अन् रात्री त्याच गावाला कीर्तनात प्रश्न विचारून विचारून घाम फोडायचे. त्यांना कोणत्या रकान्यात बसवता?

कृषीकेंद्र_काउंटर

मी दोन्हीकडचा आहे म्हणून लिहितो.

मी मुळात गप्प माणूस. धंदा मात्र कृषी केंद्राचा. जूनमध्ये सकाळी आठपासून काउंटरवर झुंबड असते. हे बियाणं उगवेल का, त्या बोंडअळीला काय मारू, उधारी दिवाळीपर्यंत चालेल का. दिवसभर हसून बोलावं लागतं अन् मी बोलतोही चांगलं, गिऱ्हाईक टिकून आहे. पण रात्री दुकान बंद केल्यावर घरात पोरगी 'बाबा' म्हणाली तरी डोकं भणभणते. मग मी वावरात जागलीला जातो. रानडुकराचा त्रास आहे हे खरं, पण भाऊ जातो म्हटला तरी मीच जातो. मचाणावर टॉर्च घेऊन बसायचं, कोणी काही विचारत नाही. दोन तासांत माणूस परत माणसात येतो. बायको म्हणते, डुकरं तुमच्यासाठीच येतात.

पुढं वाचनात आलं की कॅनडाचे ब्रायन लिटल नावाचे मानसशास्त्रज्ञ नेमकं हेच सांगतात. ते स्वतः अंतर्मुख. भाषण जोरदार करायचे अन् मधल्या सुट्टीत कोणी गाठू नये म्हणून शौचालयात जाऊन बसायचे. त्यांचं म्हणणं असं की माणूस ज्या कामाची त्याला कदर आहे त्यासाठी स्वभावाबाहेर जाऊन वागू शकतो, फक्त नंतर त्याला स्वतःच्या स्वभावात परत यायला जागा लागते.

तेव्हा सचिवताईंचं बरोबर, काम कोणालाही जमू शकतं. अन् धुऱ्यावरच्या भाऊचंही अर्धं बरोबर, स्वभाव असतोच, त्याची किंमत मोजावी लागते. गप्प माणसाला बाजाराला पाठवा, पण त्याच रात्री बैठक ठेवू नका.

डीएड_बेरोजगार

हे पटलं. एक भर घालतो. हल्ली अभ्यासक 16 खोके वापरत नाहीत, पाच गुण पट्टीवर मोजतात. त्यातला कोणत्याही धंद्यात चांगल्या कामाशी सगळ्यात सातत्यानं जुळणारा गुण कोणता, तर हाती घेतलेलं काम नेटानं पुरं करायची सवय. 1991 मध्ये बॅरिक अन् माउंट यांनी अनेक अभ्यास एकत्र करून हे दाखवलं होतं. ते पाहायला कागद कशाला? कोण बैठकीला वेळेवर येतो, कोणाची परतफेड चुकत नाही, ते सचिवताईंच्या रजिस्टरात लिहिलेलं असतंच.

अन् गंमत म्हणजे ती चाचणी विकणारी कंपनी स्वतःच सांगते की नोकरीला माणूस निवडायला ही वापरू नका. आपण कार्यकारिणी निवडायला निघालो.

सचिव_सहा_वर्षं

वेळेवर येणाऱ्याचंही जपून हो. बैठक संध्याकाळी सहाला ठेवता, तेव्हा बाईचा एक पाय चुलीशी असतो. उशिरा येते म्हणून तिला नेट नाही असं लिहाल.

वावरातला_म्हातारा (नातू टाइप करते)

पोरीनं मले बैलावरून धरलं तं मी रोडग्याची पंगत सांगतो. गावजेवन असलं का कोन गोवऱ्या रचते, कोन वांग्याची भाजी हलवते, कोन वाढते, कोन चपला राखते, कोनी चिठ्ठी काढते का? जो तो आपल्या जागी जाऊन उभा रायते. अन् जो कोनत्याच कामाचा नाई तो माईकवर रायते.

कृषीकेंद्र_काउंटर

आजोबा 😄

वर्ध्याचा

आजोबा, त्या पंगतीत कोण कुठं उभं राहायचं अन् कोण कुठं बसायचं, हे तुमच्या लहानपणी खरंच ज्याचं त्यानं ठरवलं होतं का?

वावरातला_म्हातारा (नातू टाइप करते)

आबा पाच मिनिटं झाले काही बोलले नाहीत. मग म्हणाले, लिही, तो बरोबर इचारून रायला.

धुऱ्यावरचा

तीन दिवसांनी लिहितोय, तूर सोंगणी चालू होती.

सगळ्यांचं वाचून कार्यकारिणीचं तूर्त थांबवलं. ताई, बायांना वेगळं बसवून विचारायला माझ्या आईला पाठवलं, मी गेलोच नाही. दोघी जणी तुरीच्या भावाला व्यापाऱ्याकडं यायला तयार आहेत. त्यातली एक माझी वहिनी निघाली, घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. पहिल्या खेपेला बोलका गडी सोबत जाईल, पण बोलणं त्या करतील असं ठरलं. तो तोंड बंद ठेवेल की नाही, हीच मोठी चाचणी आहे.

काकांकडंही गेलो. म्हटलं, काका, तुम्हाला काटा सोडून दुसरं काही करावंसं वाटतं का? म्हणाले, नाही, मला काटाच बरा, तिथं माणसं कमी अन् कापूस जास्त. मी म्हटलं, म्हणजे कागदात बरोबरच आलं होतं. तर म्हणाले, "कोणता कागद? त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता. तो पुतण्या आला होता ना दिवाळीला, त्यानंच भरला. माझं भरलं का त्याचं भरलं, त्यालेच ठाऊक."

डीएड_बेरोजगार

मी आता काहीच बोलत नाही.

सचिव_सहा_वर्षं

मग तो अंतर्मुख पुतण्या काय करतो हो भाऊ?

धुऱ्यावरचा

पुण्यात कॉल सेंटरला आहे.