स्टिरॉइड सुरू झाल्यापासून मुलीची झोप उडाली आहे. डोसची वेळ बदलावी का?

रानजाई:
मुलीचं वय 8, वजन 22 किलो. बालसंधिवात आहे, गुडघे, मनगटं आणि घोटे धरले आहेत. 3 आठवड्यांपासून प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 15 मिलिग्रॅम चालू आहे, सकाळी 8 ला 10 आणि रात्री 8 ला 5. जोडीला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध. सूज झपाट्याने उतरली, पण झोप पार उडाली. साडेनऊला अंथरुणात जाते, डोळा लागेपर्यंत साडेबारा होतात. तीनच्या सुमारास उठते, कधी लघवीला, कधी भूक लागली म्हणून. पहाटे पाचला पुन्हा जाग, आणि तेव्हा गुडघे आखडलेले असतात. दिवसभर चिडचिड.

रात्रीचा डोस दुपारी दिला तर चालेल का? ही जाग स्टिरॉइडची की दुखण्याची, हे कसं ओळखायचं? झोपेसाठी एखादं सौम्य औषध द्यावं का?

पाणकळा:
रानजाई ताई, सगळ्यात आधी तो रात्री 8 चा डोस बघायला हवा.

आपल्या शरीरात तयार होणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक पहाटे चढत जातं, उठायच्या सुमारास सगळ्यात जास्त असतं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला जातं. झोप लागते ती या ओहोटीत. प्रेडनिसोलोन हे त्याच जातीचं औषध. रात्री 8 ला घेतलं की रक्तातलं त्याचं प्रमाण 1 ते 2 तासांत शिखरावर पोचतं, म्हणजे नेमकं ती अंथरुणात शिरते तेव्हा. शरीराला वाटतं सकाळ झाली. रक्तातलं प्रमाण 2 ते 4 तासांत निम्मं होतं, पण पेशींवरचा परिणाम 12 ते 36 तास टिकतो. त्यामुळे सगळा डोस सकाळी दिला तरी झोप पूर्ववत होईल असं नाही, पण फरक बहुधा स्पष्ट जाणवतो. शिवाय संध्याकाळचा डोस पहाटेची नैसर्गिक चढती दाबून टाकतो, त्यामुळे अधिवृक्क ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या, कॉर्टिसॉल बनवणाऱ्या) जास्त सुस्तावतात. म्हणजे सकाळच्या डोसाला झोपेखेरीज दुसरंही कारण आहे.

डॉक्टरांना सरळ विचारा: 15 मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर एकदम देता येतील का? नसेल तर दुसरा भाग दुपारी 2 च्या आत देता येईल का? हे विचारल्याशिवाय बदलू नका. आजार जोरात असताना, विशेषतः ताप येणाऱ्या प्रकारात, डोस मुद्दाम विभागून देतात, कारण त्याने दाह जास्त आटोक्यात राहतो. होकार मिळाला की कोणत्या दिवसापासून बदलायचं ते ठरवून घ्या, नाहीतर एका दिवशी 20 जातात आणि दुसऱ्या दिवशी 10. झोप येत नाही म्हणून रात्रीचा डोस परस्पर गाळणं तर अजिबात नको. 3 आठवडे औषध चालू असेल तर शरीराचं स्वतःचं उत्पादन मंदावलेलं असतं. अचानक बंद केलं तर उलट्या, ग्लानी, रक्तदाब आणि साखर उतरणं, असं काहीही होऊ शकतं.

औषध सिरप असेल तर बाटलीवरची ताकद वाचा. 5 मिलिलिटरमध्ये 5 मिलिग्रॅम आणि 5 मिलिलिटरमध्ये 15 मिलिग्रॅम, अशी दोन्ही सिरपं असतात. बाटली बदलली आणि माप तेच राहिलं तर डोस तिप्पट होतो. सुई नसलेल्या सिरिंजनेच मोजा.

स्टिरॉइड रात्री दिलं की सकाळचा आखडलेपणा कमी होतो, असंही कुठेतरी वाचायला मिळेल. ते मोठ्या माणसांसाठीच्या उशिरा उलगडणाऱ्या गोळीबद्दल आहे. ती रात्री 10 च्या सुमारास घेतात आणि ती सुमारे 4 तासांनी औषध सोडते. साधी गोळी असं करत नाही.

तिठा:
वेळेबद्दल वर नीट आलंय, मी दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. 10 दिवस एक वही ठेवा. डोस किती वाजता दिला, दिवा किती वाजता मालवला, डोळा कधी लागला, किती वाजता आणि कशाने जाग आली, सकाळी गुडघे मोकळे व्हायला किती मिनिटं लागली. एवढंच, पण रोज. नुसत्या आठवणीवर विसंबलं तर सगळ्या रात्री सारख्याच वाईट वाटतात.

जाग आल्यावर तिच्याकडे नीट बघा. डोळे टक्क उघडे, हातपाय सैल, बडबड चालू, गाणं म्हणावंसं वाटतंय, तर ते स्टिरॉइड. गुडघा मुडपून धरलाय, कूस बदलताना कण्हते, बाथरूमपर्यंत लंगडत जाते, सांधा हाताला गरम लागतो, तर ते दुखणं. दुखणं असेल तर झोपेच्या उपायांत दिवस घालवू नका, आजाराचं औषध पुरेसं पडत नाहीये असं डॉक्टरांना सांगा.

पहाटे पाचची जाग मला आखडण्याची वाटते. नेप्रोक्सेनसारखं दुखणं-सूज कमी करणारं औषध दिलेलं असेल तर त्याचा संध्याकाळचा डोस जेवणासोबत आणि शक्य तितका उशिरा द्यायचा का, हे विचारा, म्हणजे पहाटेपर्यंत असर राहतो. स्टिरॉइड आणि हे औषध जोडीने पोटाला झोंबतात, तेव्हा उपाशीपोटी नको. रात्री पोटात जळजळ होऊनही मुलं उठतात, त्यांना ते सांगता येत नाही इतकंच. झोपण्याआधी कोमट पाण्याची अंघोळ आणि मनगटाला रात्रीचं स्प्लिंट (सांध्याला आधार देणारी पट्टी) दिलं असेल तर ते. पण गुडघ्याखाली उशी ठेवू नका! त्या क्षणी बरं वाटतं, पण रात्रभर गुडघा वाकलेला राहिला की हळूहळू तो पूर्ण सरळ होईनासा होतो. उशी हवीच असेल तर कुशीवर झोपवून दोन पायांच्या मध्ये.

तीनच्या लघवीकडे दुर्लक्ष करू नका. एकदा उठणं चालेल. दोन-तीनदा उठते, भरपूर होते आणि तहानही लागते, असं असेल तर रक्तातली साखर तपासायलाच हवी. सकाळी दिलेलं प्रेडनिसोलोन साखर दुपारी आणि संध्याकाळी चढवतं, त्यामुळे फक्त उपाशीपोटीची तपासणी ठीक आली तरी निर्धास्त होऊ नका. दुपारच्या जेवणानंतरचीही विचारा.

भुकेसाठी झोपण्याआधी अर्धा तास प्रथिनं असलेलं थोडं खाणं ठरवून द्या. तीन वाजता खायला दिलं तर आठवड्याभरात त्या वेळी उठायची सवयच लागते.

आणखी एक, ती घोरते का? वजन वाढल्याने घोरणं सुरू होतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण या आजारात जबड्याचा सांधाही सुजतो, खालचा जबडा कमी वाढतो आणि झोपेत श्वासाची वाट अरुंद होते. घोरताना श्वास मध्येच थांबत असेल तर मोबाइलवर 2 मिनिटांचं चित्रण करून दाखवा.

रानजाई:
दोघांचेही आभार. साखर आणि डोसच्या वेळेबद्दल उद्याच फोन करून विचारते. सर्दीच्या सिरपने झोप येते म्हणतात, ते किंवा मेलाटोनिन द्यावं का? आणि हे किती दिवस चालणार?

कंदील:
सर्दीचं सिरप नको. त्याने आलेली गुंगी दुसऱ्या दिवशी शाळेतही उतरत नाही, आणि काही मुलं त्यावर उलट जास्त चेकाळतात. मेलाटोनिन आपल्या मनाने आणून देऊ नका. हा आजार रोगप्रतिकारशक्तीचा आहे आणि तिला मेथोट्रेक्सेटही चालू आहे, त्यामुळे तो निर्णय संधिवाततज्ज्ञांचाच. डोसची वेळ बदलून पाहण्याआधी तर त्याचा विषयच नको.

तोवर घरी करण्याजोगं सांगतो. साडेनऊ ते साडेबारा ती अंथरुणात जागी पडून असते, म्हणजे अंथरूण ही जागं राहायची जागा झाली आहे. हे मोडायला हवं. काही दिवस तिला साडेअकरालाच झोपवा, पण सकाळी उठायची वेळ रोज एकच, सुटीच्या दिवशीही. अर्ध्या तासात डोळा लागू लागला की दर 3-4 दिवसांनी 15 मिनिटं अलीकडे या. घाई केली तर पुन्हा मूळपदावर. या वयाला 9 ते 12 तास झोप लागते, तेव्हा उशिराची वेळ हा तात्पुरता उपाय आहे. उठल्यावर लगेच उजेडात बसवा, दुपारी तीननंतर डुलकी नको, झोपण्याआधी तासभर मोबाइल-टीव्ही बंद. चहा, कोला, चॉकलेट संध्याकाळी पूर्ण बंद.

किती दिवस? डोस उतरत जातो तशी झोप सुधारते. मात्र डोस कमी होताना आधी सुटलेली पहाटेची जाग परत आली तर ती आजाराची असू शकते, वहीत वेगळी नोंद करा. मेथोट्रेक्सेटच्या रात्री मळमळीने उठते का, तेही. आणि चिडचिडीपलीकडे काही दिसलं, म्हणजे नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, स्वतःला इजा करायची भाषा, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

रानजाई:
घोरत नाही. पण जांभई देताना हनुवटी उजवीकडे सरकते, हे आज मुद्दाम पाहिलं. तिला दुखत नाही म्हणते.

तिठा:
हे उद्याच्या फोनवर पहिल्यांदा सांगा. जबड्याचा सांधा बऱ्याचदा न दुखताच सुजतो, आणि तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला जाणं ही त्याची एक खूण आहे. साध्या एक्स-रेत सुरुवातीची सूज दिसत नाही, त्यासाठी शिरेतून औषध देऊन केलेला एमआरआय लागतो. तोंड किती उघडतं ते वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये पट्टी धरून मिलिमीटरमध्ये मोजा आणि तारीख घालून त्याच वहीत लिहा.