मदत हवी आहे: टायमिंग चेनचा ढिलेपणा खात्रीने कसा तपासावा?

नमस्कार. माझ्या चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीचे इंजिन सकाळी थंड असताना सुरू केले की टायमिंग कव्हरच्या (टायमिंग चेनवरील झाकणाच्या) बाजूने दोन-तीन सेकंद चेन खडखडल्यासारखा आवाज येतो आणि ऑइलचा दाब तयार होताच तो थांबतो. ऑइलची पातळी योग्य आहे आणि स्कॅनरवर कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा शाफ्ट) व क्रँक (पिस्टनमुळे फिरणारा आणि चेनने कॅमला फिरवणारा शाफ्ट) यांची जुळणी बिघडल्याचा पी००१६ हा दोष-कोड आलेला नाही. मेकॅनिकने काहीही न उघडता चेन, टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग), गाइड (चेनला मार्गावर ठेवणारी पट्टी) व स्प्रॉकेट (चेनचे दातेरी चाक) असा संपूर्ण संच बदलण्याचा सल्ला दिला आहे. मोजमापाशिवाय एवढा खर्च करणे मला पटत नाही.

हेड कव्हर (इंजिनचे वरचे झाकण) काढून, क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन केवळ नेहमीच्या दिशेने फिरवावे आणि कॅम स्प्रॉकेटवरील चेन बोटाने उचलून पाहावी, असा माझा विचार आहे. मात्र इंजिन बंद असताना हायड्रॉलिक (ऑइलच्या दाबावर चालणाऱ्या) टेन्शनरमधील दाब उतरलेला असल्यामुळे धडधाकट चेनही सैल भासू शकते, ही खरी अडचण आहे. टेन्शनरचा दांडा किती बाहेर आला आहे, यावरून चेन लांबल्याचा निष्कर्ष काढता येतो का? दोष एकट्या टेन्शनरचा आहे की चेनचाही, हे टायमिंग कव्हर न उघडता ओळखण्याची पद्धत ज्यांनी स्वतः वापरली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.